कोरड्या नाशकात होडी का गळते?

वाचकांचे प्रश्न, होडीवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की होडीला समुद्रापेक्षा नाशकाचं ऊन आणि पावसाचं गोडं पाणी जास्त छळतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी मला वेड्यात काढलं, पण बहुतेकांनी आपापल्या होडीची दुखणी कळवली. वेड्यात काढणाऱ्यांचं उत्तर दुखणी कळवणाऱ्यांच्या पत्रांतच आहे, म्हणून ती पत्रं घेतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी सातपूरला फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामासाठी लाकडी साचे करणारा. होडीचं काम शिकलो मामाकडे हर्णैला, दर मे महिन्यात.

प्रश्न : आजोबांची चौदा फुटी सागवानी होडी श्रीवर्धनहून ट्रकनं आणून दोन वर्षं गिरणाऱ्याच्या मळ्यात आंब्याखाली ठेवली आहे. आता फळ्यांच्या फटींतून पाच रुपयांचं नाणं आरपार जातं. सुतार म्हणतो, इपॉक्सीची लांबी (फटी बुजवायचा, वाळून कडक होणारा लगदा) भरून बाहेरून फायबर चढवू, मग आयुष्यभर बघायला नको. करावं का?

नका करू. सुतार वाईट नाही, पण तो कपाटाच्या हिशेबानं बोलतोय. कपाट कोरडं राहतं. होडीची फळी पाण्यात फुगते आणि उन्हात आकसते, आणि जुना कारागीर ती फुगणार हे धरूनच बसवायचा. श्रीवर्धनला पाण्यात असलेली सहा इंची सागवानी फळी गिरणाऱ्याच्या एप्रिल-मे महिन्यात तीन-चार मिलिमीटर सहज आकसते. एका बाजूला दहा फळ्या धरा. म्हणजे तुमची होडी मोडलेली नाही, तहानलेली आहे.

आता त्या फटीत दगडासारखी लांबी भरलीत की काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. होडी पाण्यात गेली, फळी फुगायला लागली, आणि फुगायची जागा तर तुम्ही भरून टाकलेली. लाकडाचा हा जोर हलका समजू नका. पूर्वी दगडाच्या खाणीत कोरड्या लाकडी पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतायचे आणि खडक फोडायचे, तोच हा जोर. फळी लांबीला हलवू शकली नाही तर आतल्या बरगडीवरच्या चुका, म्हणजे खिळे, उपटते, नाहीतर बरगडीच तडकवते. मी अशी एक होडी पाहिली आहे. मालकानं मोठ्या हौसेनं लांबी भरली, रंग दिला, नारळ फोडला, आणि पंधरा दिवसांत एका बाजूच्या सात बरगड्या गेल्या.

म्हणून आधी तिला पाणी पाजा. होडी आंब्याखालून हलवून चहूबाजूंनी उघड्या शेडमध्ये घ्या. पठाणाखाली, म्हणजे तळाच्या मुख्य वाशाखाली, तीन ठिकाणी ओंडके द्या. दोनच दिलेत तर मधे पोट पडेल. बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि सकाळ-संध्याकाळ भिजवा. आत चार बोटं पाणी ओता. पहिल्या दिवशी ते धो धो वाहून जाईल. घाबरू नका, ओतत राहा. तिसऱ्या दिवसापासून गळती मंदावते आणि आठवडाभरात बऱ्याच फटी आपोआप मिटतात. पाणी भरलेली होडी मात्र उचलू-हलवू नका. चार बोटं पाणी म्हणजे दोन-अडीचशे किलो वजन होतं.

पाण्यात जाडं मीठ टाका, बादलीला किलोभर. मामा पावसाळ्यात होडी वर ओढली की आतल्या कोपऱ्यांत मुठीमुठीनं मीठ भरायचा आणि आम्हा पोरांना वाटायचं, हा लोणचं घालतोय. खरं म्हणजे तेच करत होता. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते आणि हवाही लागते. लाकडात विसेक टक्क्यांहून जास्त ओल गेली की तिचं फावतं. खारं पाणी तिला मानवत नाही. पावसाचं पाणी म्हणजे तिला मेजवानी. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागात बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर उभी आहे. आणि तुमच्याच मळ्यात आंब्याच्या पानांनी तुंबलेल्या पाण्याखाली तोच साग पाच पावसाळ्यांत भुसा होऊ शकतो. फक्त चुका लोखंडी असतील तर मिठाचा हात आखडता घ्या. चुकेभोवती लाकूड शाईसारखं काळं पडलं असेल तर ती लोखंडी समजा. तांब्याची असेल तर हिरवट डाग दिसेल.

भिजवण्याआधी एक काम करा. टोचा घेऊन बसा. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या उभ्या वाशाचा, पाय, मागच्या आडव्या फळीची खालची कड, बसायच्या फळ्यांची टोकं आणि जिथे जिथे पान-माती साठते त्या जागा टोचून बघा. चांगल्या सागात टोचा दोन मिलिमीटरवर अडतो. लोण्यात गेल्यासारखा गेला तर तिथून पुढे चांगलं लाकूड लागेपर्यंत कोरत जा आणि तेवढा तुकडा बदला. तुकडा तिरक्या सांध्यानं बसवा. फळीच्या जाडीच्या निदान आठपट लांब सांधा हवा. टोच्याची मूठ वाजवूनही कळतं. निरोगी फळी टणटण बोलते, कुजलेली भद् वाजते. आमच्या फाउंड्रीत चाक तडकलंय का ते असंच बघायचे.

आठवड्यानंतर ज्या फटी उरतील त्यांत कापसाची पिळलेली वात बोथट पटाशीनं बसवा. बसवा म्हणतोय, ठोका म्हणत नाही. त्यावर मऊ राहणारी पुट्टी. कोकणात राळ आणि तेल एकत्र कढवून लावायचे. ते जमत असेल तर उत्तम, पण पत्नीच्या चांगल्या पातेल्यात कढवू नका, हा माझा घरगुती अनुभव आहे. आणि बाहेरून फायबर अजिबात नको. ते बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण आतून झिरपलेलं पावसाचं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. फळी हलते, फायबर हलत नाही, मधे पोकळी होते, आणि त्या पोकळीत होडी तुम्हाला न कळवता कुजते.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. दत्तू भोकनळ यांच्यामुळे रोइंगचं वेड लागलं. सुट्टीत प्लायवूडची एकट्यानं वल्हवायची बोट बांधायची आहे, शर्यतीच्या बोटीइतकी हलकी. दुकानदार सगळ्याच प्लायला मरीन म्हणतो. कोणता घ्यावा?

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवून आला, तेव्हा नाशिकच्या पोरांना वेड लागणारच. पण वजनाचा हिशेब आधी करा. शर्यतीची एकेरी बोट आठेक मीटर लांब असते आणि नियमानं तिचं किमान वजन १४ किलो. ती कार्बन फायबरची असते. तुमच्या दुकानातला सहा मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक ताव एकटाच बारा किलोच्या आसपास भरतो. म्हणून सहा विसरा, चार मिलिमीटर घ्या. साडेचार-पाच मीटरची जरा रुंद, उलटणार नाही अशी बोट करा. तीस किलोत बसली तर मला पेढे द्या.

प्लायवर आयएस ७१० लिहिलेलं बघा. आयएस ३०३ हा घरातल्या फर्निचरचा. ७१० च्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. शिक्का खोटाही असतो, म्हणून दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून आणा. दिवसभर उकळा, कडकडीत उन्हात वाळवा, परत उकळा. पहिल्याच दिवशी पापड सुटायला लागले तर ताव परत. तुकड्याची कडही बघा. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर शिक्का खरा असला तरी नको, कारण पाणी त्या पोकळ्यांतून उंदरासारखं धावतं.

बांधणी सोपी आहे. कागदावर आकार काढून ताव कापायचे, कडांना चार-चार इंचांवर भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं फळ्या शिवायच्या, गोधडीसारख्या. जुन्या मोटारीचं वाइंडिंग विकणाऱ्या भंगारवाल्याकडे तार मिळेल. मग आतल्या कोनात इपॉक्सीत कालवलेल्या लाकडाच्या पिठाची गोलाई भरायची. सॉ मिलमधला भुसा आईच्या मैद्याच्या चाळणीनं नाही, जुन्या ओढणीतून चाळा. गोलाई घट्ट झाली की तारा काढायच्या आणि सांध्यावर काचेच्या कापडाची पट्टी चढवायची.

इपॉक्सीबाबत एकच हट्ट धरतो. हार्डनर डब्यावर लिहिलंय तेवढंच आणि वजनकाट्यावर मोजून. फायबरच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर जरा कमी-जास्त करून वेळ सांभाळता येते, इपॉक्सीत येत नाही. जास्त घातलात तर लवकर सुकत नाही, उलट कायमचं चिकट राहतं. नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ते सुकायला फार वेळ घेतं आणि पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरनं धुवून मगच पॉलिश पेपर मारा. न धुता घासलात तर मेण आत रगडलं जाईल आणि पुढचा थर धरणार नाही. तावाच्या कापलेल्या कडांना तीन हात इपॉक्सी द्या. प्लाय नेहमी कडेकडूनच पाणी पितो.

दिवाळीनंतर सुरू करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मी एकदा हौसेनं काम काढलं होतं. सगळा थर दुधासारखा पांढरा पडला आणि मग गणपतीपासून दसऱ्यापर्यंत नुसता घासत बसलो.

आणि बसायच्या जागेच्या पुढेमागे हवाबंद कप्पे ठेवा. बोट उलटली, पाण्यानं भरली, तरी तुम्ही तिला धरून तरंगाल इतके. कप्प्यात थर्माकोल घालायचा विचार असेल तर तो पॉलिस्टर रेझिनला लागता कामा नये, बघता बघता विरघळतो. शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या बूच घट्ट लावून भरा. दोन लिटरची बाटली साधारण दोन किलो उचलते. तीस बाटल्या म्हणजे साठ किलो, आणि खर्च शून्य.

प्रश्न : आमची फायबरची सहलीची बोट तलावातच असते. या वर्षी वर काढली तर पाण्याखालच्या भागावर हरभऱ्याएवढे फोड. एक फोडला तर आंबूस वासाचं पाणी निघालं.

हेही गोड्या पाण्याचंच. रेझिनमध्ये सूक्ष्म मार्गानं पाणी शिरतं, आतल्या न मुरलेल्या रसायनांशी मिळून आंबट द्रव होतो, आणि तो द्रव बाहेरचं आणखी पाणी आत ओढतो. द्राक्षाचे बागायतदार असाल तर लगेच कळेल. अवकाळी पावसात पिकलेला मणी तडकतो तो याच ओढीनं. समुद्राचं पाणी स्वतःच खारट असल्यामुळे तिथे ही ओढ कमी, आणि तलावात जास्त.

घाई करू नका, बोट बुडायला आलेली नाही. सगळे फोड उघडा, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा आणि वाळू द्या. इथे मात्र नाशिकचं ऊन तुमच्या बाजूचं आहे. मार्च ते मे बोट शेडमध्ये उलटी ठेवलीत तर कोकणात सहा महिन्यांत होत नाही ते तीन महिन्यांत होतं. वाळली की नाही बघायला हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडा चिकटवून लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून थांबा. मग इपॉक्सीची लांबी आणि वर इपॉक्सीचेच तीन-चार थर. पॉलिस्टरनं भरलंत तर दोन वर्षांनी मला परत पत्र लिहाल.

तुमच्याकडचा मुलगा स्वतः रेझिन कालवत असेल तर त्याला हे वाचून दाखवा. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर सुकवणारं रसायन, आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर नंतर. दोन्ही बाटल्या एका फळीवरही ठेवू नका.

प्रश्न : अलिबागकडून जुनं आउटबोर्ड इंजिन घेतलं. तिकडे छान पळायचं, इथे दम लागतो.

थोडा दम लागणारच. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवा विरळ, ताकद पाच-सहा टक्के कमी. पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत तो जितका पुढे सरकतो ते अंतर, एक इंचानं कमी करून बघा. त्याआधी पाण्याच्या पंपातलं रबरी इम्पेलर बदला, जुन्या इंजिनात ते बिस्किटासारखं मोडतं. आणि खाली लावलेले जस्ताचे ठोकळे काढून मॅग्नेशियमचे लावा. इंजिनाच्या धातूऐवजी गंज या ठोकळ्यांनी खायचा असतो. जस्त खाऱ्या पाण्यात ते काम करतं, गोड्यात त्यावर थर बसून ते झोपी जातं. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, गंगापूर धरणाचं पाणी आपण पितो, त्यात ऑइल सोडू नका. इंजिन लावलेल्या बोटीला नोंदणी लागते, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. धरणात उतरायला जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी.

प्रश्न : सायखेड्याला गोदावरीकाठी आमची होडी असते. पावसाळ्यात कशी बांधावी?

बांधूच नये. वर ओढून उलटी घालावी.

ते शक्य नसेल तर दोर लांब ठेवा. २००८ च्या सप्टेंबरात माझी होडी आनंदवलीला बाभळीला बांधली होती. चोरीला जाऊ नये म्हणून आखूड साखळी, वर कुलूप. रात्रीत पाणी चढलं. होडी वर येऊ पाहतेय आणि साखळी नाळेला खाली धरून बसलीय. होडी पुरानं बुडवली नाही, माझ्या कुलपानं बुडवली. सगळं गाव दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला गेलेलं, आणि मी किल्ली हातात घेऊन काठावर. दोर नदीकाठच्या झाडाऐवजी वरच्या झाडाला बांधा, पुराच्या जुन्या खुणेच्याही वरच्या. आणि गाठ अशी मारा की ताण असतानाही सुटेल.

प्रश्न : मी नाशिकरोडला शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवते. मुलाच्या अकरा फुटी होडीला शीड शिवून द्यायचं आहे. ताडपत्री चालेल का? साधा त्रिकोण कापला की झालं ना?

ताई, या महिन्यातलं माझं सगळ्यात आवडतं पत्र तुमचं. इंजिनिअर मंडळींना जे मला चित्र काढून समजवावं लागतं ते तुम्हाला एका शब्दात सांगता येईल : टक्स.

सपाट त्रिकोण वाऱ्यात दारासारखा उभा राहतो, ओढत नाही. शिडाला पोट लागतं. रुंदीच्या एक दशांशाइतकी खोली, आणि सगळ्यात खोल जागा डोलकाठीकडून चाळीसेक टक्क्यांवर. सपाट कापडाला गोलाई कशी आणायची ते तुम्ही रोज करता. डोलकाठीच्या कडेनं आत जाणारे तीन-चार टक्स घ्या, कडेला दोन बोटं रुंद आणि आत निमुळते होत संपणारे. ब्लाउजचे टक्स टोकाला एकदम संपले की चुणी पडते, तसंच इथेही. हळूहळू विरत जाऊ द्या.

दुसरं म्हणजे उरेब, धाग्याला तिरकी येणारी कड. शिडाची मागची कड, जी कशालाच बांधलेली नसते, ती सरळ धाग्यावर यायला हवी. उरेब आली तर दोन दिवसांत ताणून फडफडायला लागेल. म्हणून कापड अंथरताना आधी मागची कड लावून घ्या आणि उरेब जी यायची ती डोलकाठीकडे येऊ द्या. तिकडे दोरी शिवलेली असते, ती ताण घेते.

धागा पॉलिस्टरचा जाड घ्या. सुती ऊन-पावसात कुजतो. टाका झिगझॅग, कारण कापड ताणलं की सरळ टाका तुटतो. टाचण्या लावू नका, भोकं राहतात, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून मग मशीनवर घ्या. तिन्ही कोपऱ्यांवर कापडाचे चार-पाच थर द्या, मोठ्यावर लहान असे, आणि आयलेट पितळेचे. नायलॉनचं कापड कुणी स्वस्तात देऊ केलं तरी नको, ते रबरासारखं ताणतं. पक्कं शीड पॉलिस्टरच्या खास कापडाचं असतं. पण पहिलं निळ्या विणलेल्या ताडपत्रीचंच शिवा. पोट कमी-जास्त झालं तर टक्स उसवून परत घेता येतील आणि जीव हळहळणार नाही. गंगापूरला दुपारचा वारा डोंगरातून झटक्याझटक्यानं येतो, तेव्हा मुलाला पहिले दिवस सकाळी नऊच्या आत उतरू द्या. तुम्ही काठावरून शिडाकडे बघत बसा. चुणी कुठून कुठे जाते ते तुम्हाला त्याच्या आधी दिसेल.